मानखंडनेचं वाक्य

सोमवार, ता. ६
आधी आला तो भाचीचा नवरा. तीन जिने चढून हाशहुश करत! मग भाची, आणि तिच्या मागून तिचं बोलणं. बाळ कुठाय विचारलं तर म्हणे खाली गाडीत, आईच्या मांडीवर. आई म्हणजे माझ्या वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण. "मामी, आईचा गुडघा धरलाय गं." बरा गुडघा! परवा बाजारात माझ्या पुढे तुरुतुरु चालला होता. आमच्या जिन्याशीच अकरा वर्षं भांडण त्याचं.
मग मी तरी का उतरू? खिडकीतून वाकून पाहिलं. भाचीच्या लग्नानंतर अकरा वर्षांनी घरात बाळ आलं, आणि मला काय दिसलं – गाडीचा टप!

मंगळवार, ता. ७
गुंडी म्हणजे माझी नात, सहावीतली. मी जन्मभर शिवणकाम केलं, म्हणून नाव गुंडी. तिला शाळेतून शब्द दिलाय, मानखंडना. वाक्यात उपयोग करा. माझी शाळा चौथीत सुटली, पण वाक्यांना काय तोटा! दिलं एक – "दूध उतू गेलं आणि माझी मानखंडना झाली."
"आजी, ती नुसती फजिती!"
दुसरं दिलं, पाहुण्यांसमोर आजोबांची कवळी निसटली ते. हे पेपराआडून म्हणाले, "मला कशाला मध्ये ओढता?" पण गुंडी म्हणे, तेव्हा आजोबाच सगळ्यांत जास्त हसले, म्हणून तीही फजितीच. बाईंनी सांगितलंय, चारचौघांत कुणीतरी आपला मान उतरवतं, लोक हसतात आणि आपल्याला हसू येत नाही, ती मानखंडना.
बाई हुशार दिसतात. लग्न झालंय का विचारायला हवं.

बुधवार, ता. ८
आज गुंडीला माझी ठेवणीतली गोष्ट सांगितली. भाचीच्या लग्नातली. नवरीचा पोशाख वन्संनी स्वतः शिवला होता. एक बाही बोटभर वर, एक खाली. मला कुठलं राहवतंय! खोलीभर बायका, वन्संच्या विहीणबाई पुढेच बसलेल्या. मी म्हटलं, "वन्सं, हा पोशाख की पोतं?" पिशवीतून कात्री काढली, तिथल्या तिथे बाही उसवली आणि सरळ बसवून दिली. काय हशा पिकला! अजून पिकतो, कधीही सांगा.
गुंडीही हसली. मग पेन्सिल चावत म्हणाली, "आणि आत्याआजी हसल्या?"
आठवेना. विहीणबाईंचा सोन्याचा दात आठवतो. वन्संचा चेहरा नाही आठवत. मी पाहिलाच नव्हता. मी बाहीकडे बघत होते.

गुरुवार, ता. ९
ह्यांना विचारलं. "ती जेवायला थांबली नव्हती." मग पेपर खाली केला. "पुढे शिवणाचं मशीनसुद्धा कुणाला तरी देऊन टाकलं."
"मग मला सांगितलं का नाही?"
"तू गोष्ट इतकी रंगवून सांगायचीस."
भाजीत मीठ कमी पडलं तर ह्या माणसाला घासभर दम निघत नाही!
गुंडीनं वाक्य लिहून नेलं – माझ्या आजीने आत्याआजींची मानखंडना केली. बाईंनी लाल शाईनं 'छान' दिलं. छान काय त्यात!

शुक्रवार, ता. १०
फोन केला. तीनदा वाजायच्या आत ठेवला, चौथ्यांदा वाजू दिला. म्हटलं, वन्सं, चुकलं माझं. मागे बाळ कुरकुरत होतं.
"बोललीस तेव्हा खोलीभर बायका होत्या," वन्सं म्हणाल्या. "आणि माफी माझ्या एकटीच्या कानात?"
आणि त्यांनी फोन ठेवला. मला असा राग आला! ओटा दोनदा पुसला. पुसून होईतो राग उतरला, कारण बोलणं खरं होतं.

रविवार, ता. १२
भाचीला म्हटलं होतं, त्या दिवशीच्या जमतील तेवढ्या बायका बोलव. वन्संच्या घरी सात जमल्या. विहीणबाई दातासकट! वन्सं कोपऱ्यात, बाळ मांडीवर. बाळाकडे मी बघितलंच नाही, आधी काम. उभी राहिले आणि तीच गोष्ट सांगितली. फक्त ह्या वेळी मध्ये थांबले नाही. वन्सं न जेवता गेल्या तिथपर्यंत सांगितली, मशीन दिलं तेही. म्हटलं, काम माझं नीट असेल, पण वागणं वाईट. कुणी हसलं नाही.
वन्सं बाळाचं झबलं सारखं करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बस आता. तुझे पाय दुखत असतील."
बसले. बाळ हातात दिलं नाही. मी मागितलंही नाही.

मंगळवार, ता. १४
वन्संचा स्वतःहून फोन. शनिवारी येतात, बाळाला घेऊन. चार दिवस राहायला!