बाबा व पालकत्व शाखा

रविवार, ९ नोव्हेंबर

चि. जावईबापूंना आशीर्वाद.

मायना दोनदा खोडला. आधी सवयीने 'महोदय' लिहून गेलो. मग नुसतं 'नमस्कार' लिहिलं, तर नळाला पाणी येत नाही अशी तक्रार करतोय असं वाटलं. 'जावईबापू' मी तुम्हाला लेकीसमोर थट्टेने म्हणायचो आणि ती म्हणायची, "अण्णा, पुरे." आता पुरे म्हणायला ती नाही, म्हणून ते तसंच राहू देतो.

तुमची दोन्ही पत्रं पोचली. फोन येत होते तेही कळत होतं. उत्तर दिलं नाही याला कामाचं कारण सांगता आलं असतं, आणि सुरुवातीला मी तेच लिहिणार होतो. तुमचा पाय आता बरा आहे आणि काठी फक्त जिन्यात लागते, असं कळलं. कुणाकडून कळलं ते पुढे लिहितो.

इकडे सगळं व्यवस्थित आहे. तुमची मुलगी बरी आहे. जेवते, शाळेत जाते, दुसरीचं गणित तिला जमतं. उंची वाढली. जुने बूट लागत होते, नवे घेतले. समोरचा वरचा एक दात पडला. पडला हे तिने सांगितलं नाही. धुवायला टाकलेल्या फ्रॉकच्या खिशात, रुमालात बांधलेला मला सापडला. मी तो तिच्या कंपासपेटीत ठेवून दिला.

कार्यालयाचं नेहमीसारखंच चाललं आहे. मुलांच्या हक्कांचं कार्यालय म्हटलं की लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर मुलांमध्ये असतो. खरं तर दिवसभर आम्ही मोठ्या माणसांचं ऐकतो. गेल्या महिन्यात मात्र एका वसतिगृहावर न कळवता गेलो. खोल्यांना कड्या बाहेरून होत्या. मुलं ओळीत बसलेली, हात गुडघ्यांवर, एकाचीही चुळबुळ नाही. अधीक्षक कौतुकाने म्हणाले, "बघा साहेब, किती शहाणी आहेत." मी त्यांना तिथेच सुनावलं की ही शहाणी नाहीत, भ्यालेली आहेत, या वयाचं मूल स्वस्थ बसलं की आधी त्याचं काय बिघडलं आहे ते बघायचं असतं. शर्ट वर केले तेव्हा काहींच्या पाठीवर वळ निघाले. वसतिगृह बंद करण्याचा आदेश मी त्याच दिवशी काढला.

घरी आलो तर मुलगी बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसली होती. हात गुडघ्यांवर. शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, आई गेल्यापासून पोर किती शहाणी झाली हो, घरात आहे की नाही कळतसुद्धा नाही. खोटं कशाला लिहू, मला अभिमान वाटला.

तिचं घरातलं नाव तुम्ही ठेवलं होतंत, एका जागी बसायची नाही म्हणून. लेक मार्चमध्ये गेली, तेव्हापासून ते नाव मी घेतलेलं नाही. 'बाळ' म्हणतो.

बुधवारी तिच्या शाळेतली पाण्याची टाकी फुटली आणि वर्ग सोडून दिले. स्वयंपाकाच्या बाईंना दुपारी थांबणं शक्य नव्हतं, म्हणून तिला कार्यालयात नेलं. माझ्या खोलीबाहेर शिपाईबाई बसतात, त्यांच्या शेजारी बसवलं. समोरच्या दारावर एक पाटी आहे, 'ताबा व पालकत्व शाखा'. आईवडील वेगळे झाले किंवा वारले आणि मूल कुणी सांभाळायचं यावर वाद झाला, की ते प्रकरण त्या खोलीत येतं. ताबा हा शब्द मला कधीच पटला नाही. ताबा जमिनीचा घेतात, आरोपीचा घेतात. या पदावर आल्या आल्या मी बैठकीत म्हणालो होतो की मुलांच्या बाबतीत हा शब्द इथे चालणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाटी रंगवायला द्यायची राहिली ती राहिलीच.

मुलीने ती पाटी वाचली. ती अजून अक्षर अक्षर जुळवून वाचते. तिने वाचलं, 'बाबा व पालकत्व शाखा'. मग शिपाईबाईंना विचारलं, "इथे बाबा मिळतात का?"

शिपाईबाई तोंडाच्या तिखट आहेत, मनाच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मिळतात की, पण अर्ज द्यावा लागतो, आणि सही करणारे साहेब कधी जागेवर नसतात." चहाच्या वेळी त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. लोक हसले. मीही हसलो. मुलांशी बोलणाऱ्या आमच्या समुपदेशक बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, बाहेर गेल्या, मुलीला येतेस का विचारलं आणि तिला मुलांच्या खोलीत घेऊन गेल्या.

ती खोली मीच करवून घेतली आहे. आत सगळ्या बुटक्या खुर्च्या आहेत, मोठ्या माणसाला ऐटीत बसताच येऊ नये अशा. नियमही माझे. मूल आत असेल तोवर नातेवाइकांनी बाहेरच्या बाकावर बसायचं. बाक भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे, कारण बाहेर आलेलं मूल आधी घरच्यांच्या चेहऱ्याकडे बघतं आणि आत बोललेलं सगळं मागे घेतं. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मी दार वाजवलं. बाईंनी अर्धवट उघडलं. मी आत येतो म्हणालो, तर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "सर, आत्ता तुम्ही नातेवाईक आहात."

बसलो बाकावर. समोरच्या भिंतीला पोपडे आलेत हे मला माहीत नव्हतं. शेजारी एक तरुण बाप बसला होता, त्याचंही मूल आत जायचं होतं. त्याने विचारलं, आत कोण. मी म्हणालो, नात. "बाहेर आल्यावर काही विचारू नका हं," तो म्हणाला. "मागच्या खेपेला मी विचारलं, तर इथले मोठे साहेब अंगावर आले." मी बरं म्हणालो. भिंतीकडे तोंड करून बाकावर बसलेल्या मला त्याने ओळखलं नाही.

बाई बाहेर आल्या तेव्हा मी विचारलंच. त्या म्हणाल्या, मूल परवानगी देईल तेवढंच बाहेर सांगता येतं, तुम्हाला ठाऊक आहे. तिने एका वाक्याची परवानगी दिली होती. ते त्यांनी तिच्याच शब्दांत सांगितलं.

"आजोबांना विचारा, घरात बाबा म्हटलं तर चालेल का?"

मी तिला तसं कधी बजावलं नव्हतं. तुम्ही विश्वास ठेवा, एका शब्दाने नाही. पण फोनवर तुमचं नाव दिसलं की मी तो पालथा ठेवायचो. तुमचा फोटो असलेली चौकट मी कपाटात ठेवली, धूळ बसते म्हणून. लेकीचा दुसरा फोटो होता, तो लावला. त्यात ती एकटी आहे.

आता जे टाळत होतो ते लिहितो. ऑगस्टमध्ये तुम्ही कुबड्या घेऊन तीन जिने चढून आलात आणि मी दारातूनच सांगितलं की ती झोपली आहे. ती झोपली नव्हती. आतल्या खोलीत दप्तर भरत होती. तिने तुमचा आवाज ऐकला आणि माझाही ऐकला. तेव्हापासून दुपारी दाराची घंटा वाजली की ती आपण होऊन पलंगावर जाते आणि डोळे मिटून पडते. मी कधी ऊठ म्हटलं नाही.

बालसंरक्षण अधिकारी बाई तुमच्याकडे येऊन घर बघून गेल्या, ते नेहमीचं काम नव्हतं. मी पाठवलं होतं, तोंडी सांगून. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, घर नीट आहे, मुलीचा पलंग अंथरून ठेवला आहे, वडिलांना काठी फक्त जिन्यात लागते. मी म्हणालो, पुन्हा एकदा जाऊन या. त्यांनी विचारलं, "दुसऱ्यांदा काय बघू, सर?" मला काय सापडायला हवं होतं ते त्यांना कळलं असावं. त्या गेल्या नाहीत. हेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला खुर्चीवर राहू दिलं नसतं. शुक्रवारी मी सगळं वरिष्ठांना कळवलं आहे. माझं काय करायचं ते तेच ठरवतील.

हे का केलं, तेही लिहायला हवं.

गाडी तुम्ही चालवत होतात.

एवढं एक वाक्य आहे. रस्त्यात उभ्या ट्रकला दिवे नव्हते, तुमच्या जागी कुणीही असता तरी हेच झालं असतं, असं पोलिसांनी मला समजावून सांगितलं. मला ते समजलं. समजून उपयोग झाला नाही. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा बघायला आलो नाही, कारण तुम्ही वाचलात याचा मला राग आला होता. ते वाक्य तोंडातून निघू नये म्हणून मी तुमचं नावच घेणं सोडलं, आणि त्याला संयम समजत राहिलो. राग गेला असं लिहीत नाही. गेलेला नाही. पण तो माझा आहे, तिला का म्हणून सांभाळायला लावायचा.

बुधवारी जेवताना मी तिला म्हणालो, "तुझ्या बाबांचा पाय आता बरा आहे."

घास हातातच राहिला. "कुठला पाय?"

"डावा."

तिने घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "त्याच पायाला बाबांना गुदगुल्या होतात." आणि सुरू झाली. बाबा चष्मा फ्रिजमध्ये ठेवतात, बाबा अंघोळ करताना बातम्या वाचल्यासारखं बोलतात, बाबा हरले की पत्ते पिसूनच टाकतात. तुम्ही ओल्या फरशीवरून कसे चालता ते दाखवायला ती उठली आणि घरभर फिरली. अन्न निवून गेलं. मी दटावलं नाही.

फिरता फिरता थांबून तिने विचारलं, आई गेली तेव्हा बाबा रडले का. मी तिथे नव्हतो. म्हणालो, मला माहीत नाही, विचारून सांगतो. म्हणून विचारतो आहे. उत्तर मला पाठवू नका. तिला द्या.

येत्या शुक्रवारी सकाळी कार्यालयात या. घरी नको. घरी दार मी उघडणार, आणि तिला आधी माझा चेहरा दिसणार. तिचं प्रकरण रीतसर नोंदवून माझ्याऐवजी दुसऱ्या सदस्यांकडे दिलं आहे. तिला कुठे राहायचं आहे ते समुपदेशक बाई तिलाच विचारतील. तुमच्याकडे म्हणाली, तर सामान बांधून तयार असेल. दात कंपासपेटीत आहे, हरवू देऊ नका. माझ्याकडे म्हणाली, तर त्यात मला भिण्याचा भाग किती, हेही त्याच बाई बघतील. मी त्यांना तसं सांगून ठेवलं आहे. ती काय म्हणेल, मला खरंच माहीत नाही.

वरच्या मजल्यावर आलात की समोर ती पाटी दिसेल. अजून बदललेली नाही. तिच्या डाव्या हाताला बाक आहे. ती आत असेल तोवर आपल्याला दोघांना तिथे बसायचं आहे. बाक तसा लांब आहे, आणि तोंड भिंतीकडे असल्यामुळे एकमेकांकडे बघावं लागत नाही.

कळवायचं ते सगळं कळवलं. लोभाचं तुमच्यावर सोडतो.

भिंगरीचा आजोबा