तळघरापर्यंत चालणारा फोन

शुक्रवार, ८ ऑक्टोबर १९९९

फोन उपटला! तारेसकट, भिंतीतल्या डबीसकट. गिलाव्याचं ढेकूळ जमिनीवर. मी उल्म शहरात राहणाऱ्या बहिणीशी, इर्माशी, बोलत होते. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. बेर्टोल्ड मागून आला — "माझ्या चुगल्या करतेस?" — आणि हिसडलीच तार. मग तीच माझ्या मनगटाला गुंडाळली, करकचून, आणि दुसऱ्या हाताने तोंडावर एक चपराक ठेवून दिली. माझा मुलगा! बायकोने हाकलल्यापासून, मार्चपासून, माझ्याकडे राहतोय.

दुपारचे दोन वाजले होते. खालच्या मजल्यावरच्या शेम्पबाईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. इमारतीत एक ते तीन शांततेची वेळ ना! संध्याकाळी जिन्यात भेटल्या. माझ्या फुटलेल्या ओठाकडे न बघता म्हणाल्या, "दुपारचं जरा जपा हो, फ्राऊ बाउश." मेलीला ऐकू सगळं येतं.

शनिवार, ९

सकाळी गरम पाव घेऊन आला. रडला. "आई, नवीन घे ना फोन. बिनतारी घे, ऐटीत फिरशील घरभर."

घेतेच. तार नसली तर काय उपटशील रे, माझे केस?

सोमवार, ११

चौकातल्या इल्गच्या दुकानात गेले. त्याने तीन फोन काढून ठेवले. एक लाल, नटवा. एक निरोप टेपवर घेणारा — मला कोण निरोप ठेवतंय! तिसरा करडा, बटणं मोठी, हातात जड. मी जड तोच पुन्हा पुन्हा उचलून पाहिला. कानशिलात बसला तर माणूस खाली बसेल. असे विचार येतात हल्ली, आणि बरं वाटतं.

विचारलं, जागेवर न ठेवता किती दिवस टिकतो? अंधारात बटणं दिसतात का? तळघरापर्यंत चालतो का? आमच्या घराच्या भिंती दगडी आहेत.

"तळघरात बटाट्यांशी गप्पा मारणार वाटतं?" इल्ग म्हणाला. मी हसले आणि ओठ परत उलला. त्याने पाहिलं. "दात काढला," म्हटलं. तो घाईघाईने करड्याचं कौतुक सांगायला लागला. खाली ठेवायच्या बैठकीवर एक बटण आहे. ते दाबलं की फोन असेल तिथून ओरडतो, म्हणजे हरवला तरी सापडतो. मी तर चष्मासुद्धा दिवसातून चारदा शोधते! त्या बटणासाठीच करडा घेतला. भिंतीतली डबीही त्याचाच माणूस नवी बसवून गेला.

गुरुवार, १४

बेर्टोल्ड कामावर गेल्यावर तळघरात उतरले, तिथल्या आमच्या वाट्याच्या खोलीत सफरचंदांच्या फळीखाली बसले आणि इर्माला फोन लावला. आवाज खणखणीत!

"कुठून बोलतेस, हेडी?"

"तळघरातून."

"तिथे काय करतेस?"

"बसलेय."

"पोलिसांना सांग. आत्ताच्या आत्ता."

"पोटच्या पोराला पोलिसांच्या हवाली करू?"

"पोर कसलं? चव्वेचाळीस वर्षांचा घोडा! तुला मारून टाकल्यावर मला कळवणार का तो?"

मी ठेवला फोन. पण पोलिसांचा ११० दाबायची सवय करतेय. खिशातल्या खिशात, अंगठ्याने. एक, एक, शून्य.

रविवार, १७

उजव्या कुशीवर वळता येत नाही. श्वास घेतला की सुरी फिरते.

काल मसूर आणि शेवया केल्या होत्या. व्हिनेगर कमी पडलं म्हणे. ताट भिंतीवर, मग खुर्ची. मी फोन घेऊन पळाले, तळघरात शिरले, आतून कडी लावली. आता कर, हेडी! एक दाबला. दुसरा एक दाबला. शून्यावर अंगठा थांबला. गोवर झाला होता तेव्हाचं त्याचं तोंड डोळ्यांसमोर आलं. लाज वाटते लिहायला, पण तेच आलं.

आणि फोन ओरडायला लागला. माझ्या हातात! वर त्याने ते बटण दाबलं होतं. मी पोटाशी धरला, एप्रनमध्ये कोंबला, तरी कोकलतोय. त्याची पावलं, त्याचं हसणं. "कुठे लपलीस गं आई? बोल, बोल, तुझा फोन तर बोलतोय!" लाथेने कडी तोडली. बरगडीवर तोच बूट.

मूर्ख बाई! स्वतःच्या हाताने विकत आणलंस.

मंगळवार, १९

डॉक्टरला सांगितलं, बाथरूममध्ये घसरले. दोन बरगड्या. तोही मुकाट्याने लिहून घेतो.

बेर्टोल्ड फुलं घेऊन आला होता. पाकळी पाकळी तोडून त्याच्या घशात कोंबाविशी वाटली. फुलदाणीत ठेवली.

शनिवार, २३

या आठवड्यात जिना झाडायची-धुवायची पाळी आमची, तशी पाटी आमच्या दाराला आहे. शेम्पबाई उद्यापर्यंत लेकीकडे, पण जाताना पाटी स्वतः अडकवून गेल्या. परतल्यावर बोट फिरवून बघतील. बरगड्या मोडल्या तरी शनिवार चुकत नाही. वरपासून तळघरापर्यंत, साबणाच्या पाण्याने. निघते.

शनिवार, दुपार

मी तळघराच्या शेवटच्या पायरीशी होते. तो वर दारात येऊन ओरडला, "फोन कुठे दडवलास?" आणि उतरायला लागला. पायात नुसते लोकरी मोजे. 'ओलं आहे' हे शब्द माझ्या तोंडात आले होते. मी बोलले नाही.

त्याला ओलांडून वर आले. शुद्धीवर आहे. पाय उलटा वळलाय, कानातून रक्त येतंय. "आई, फोन कर. आई, लवकर कर ना."

सव्वादोनला पडला. आता तीन वाजत आलेत. फोन एप्रनच्या खिशात आहे. मी अजून केलेला नाही.