डब्याच्या झाकणावरची तार

करोलबाग, दिल्ली
बुधवार, दुपार

प्रिय रेवती,

पाकीट बघून आधी घाबरली असशील, म्हणून सांगते, सगळे ठणठणीत आहेत. यांचा गुडघा आणि माझी जीभ, दोन्ही पूर्वीसारखीच. एक अडखळतो, दुसरी थांबत नाही. तू मात्र फोन उचलत नाहीस, व्हॉट्सअॅपवर हात जोडलेले पाठवून मोकळी होतेस, आणि कानाचं मशीन कपाटात पडलंय हे मला तुझ्या केतकीकडून कळतं. नातीने आजीच्या चहाड्या कराव्यात आणि मी त्या मिटक्या मारत ऐकाव्यात, ही वेळ तूच आणलीस. दीड वर्ष झालं आपण धड बोललो त्याला. मला तुझा राग आलाय आणि त्याहून जास्त आठवण येते. तेव्हा आता पूर्ण वाच, मधेच उठायचं नाही.

बातमी अशी की अडुसष्टाव्या वर्षी मी पुन्हा कामाला लागले आहे. पगार नाही, पण टोपी मिळाली. आमच्या खालच्या मजल्यावर राघव म्हणून एक इंजिनिअर राहतो, मानेसरच्या कारखान्यात आहे. त्यांचा हॅम रेडिओचा क्लब आहे. म्हणजे सरकारी परवाना काढून घरी वायरलेस सेट लावायचा, जगभरच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारायच्या, आणि पूर-भूकंपात फोन बंद पडले की लोकांचे निरोप पोचवायचे. गणपतीत प्रसाद खाताखाता मी सहज बोलून गेले की मी तारघरात होते, मोर्सची टिंबं आणि रेघा कोळून प्यायलेय. तो द्रोण हातात धरून बघतच राहिला, आणि मग चक्क वाकून नमस्कार केलान. अगं, पेन्शनच्या खिडकीवर मला कुणी बसा म्हणालं नव्हतं.

पहिली ड्यूटी लागली ती धावण्याच्या शर्यतीत, कस्तुरबा गांधी मार्गावर, पाण्याच्या टेबलापाशी. हातात छोटा सेट. बाकीचे स्वयंसेवक 'हां जी, सुनिए, वो क्या है ना' करत गाडी रुळावर आणेपर्यंत मी आपली तारेच्या सवयीने सांगून मोकळी: केळी संपली, पाणी भरपूर, एकाचा पाय मुरगळला, डॉक्टर पाठवा. त्यानंतर राघवने सगळ्यांना फर्मान काढलं की आंटीसारखं बोला. हे घरी म्हणाले, बाहेर एवढं थोडक्यात बोलतेस तर घरी का नाही. त्यांना त्या दिवशी उपमा दिला, चहा नाही दिला.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी क्लब मानेसरच्या पुढे अरवलीच्या एका टेकडीवर गेला. दरवर्षी जातात. तंबू ठोकायचा, कीकरच्या, म्हणजे आपल्या बाभळीच्या, दोन झाडांमध्ये तार ताणायची, आणि बॅटरीवर सेट चालवून दिवसभरात जितक्या गावांशी जमेल तितक्यांशी बोलायचं. वीज गेली तर आपलं अडत नाही ना, याची ती तालीम. मी साबुदाणावड्यांचा मोठा डबा घेऊन, मोरपंखी शाल पांघरून, तोऱ्यात सेटसमोर बसले. वीस माणसं माझ्याभोवती वह्या घेऊन उभी. आणि सेटमधून आलं काय, तर पीं, पींपीं, पीं. एक अक्षर कळलं असेल तर शपथ. आपला कान घडला लोखंडी यंत्राच्या कडकट्टवर, आणि ही तर शिट्टी. मी दोनदा चष्मा पुसला, जसं काही चष्म्याने ऐकू येतं. राघव हळूच म्हणाला, कोई बात नहीं आंटी, आप आराम कीजिए. रेवती, मला रडू यायचंच बाकी होतं. सगळं कानावर पडतंय आणि अर्थ लागत नाही, आणि लोक मायेने आपल्याला बाजूला बसवतात. तुझ्या घरी सगळे एकदम बोलायला लागले की तुला काय होत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. आधी कळायला हवं होतं.

आणि तेव्हाच तुझा डबा आठवला. तू ग्वाल्हेरला, मी दिल्लीला, सहा वर्षं एकाच लाइनवर. तिथल्या गोंगाटात यंत्र ऐकू येईना म्हणून तू साहेबांचा सिगरेटचा रिकामा पत्र्याचा डबा त्याच्या मागे अडकवलास, आवाज दणदणीत झाला. मग तो डबा घरी नेलास आणि तुझ्या सासूबाई आठ दिवस तुझं तोंड हुंगत फिरल्या. मी वड्यांच्या डब्याचं झाकण काढलं आणि सेटच्या स्पीकरवर पालथं टाकलं. ते थरथरायला लागलं. वर दोन बोटं ठेवली आणि अक्षरं सरळ बोटांत उतरली, बिल्कुल जुन्यासारखी. मग उत्तरंही मीच ठोकायला लागले, परवाना राघवचा, बटणावर बोट माझं. पहिलेच गृहस्थ शिलाँगचे निघाले. त्यांनी विचारलं, हा हात तारघरातला दिसतो, कुठलं ऑफिस? मी झाकणावर डोकं टेकून हसले गं. संध्याकाळपर्यंत एकतीस गावं झाली आणि वडे संपले.

घरी आल्यावर मी कानात कापूस कोंबला, वरून मफलर गुंडाळला आणि राघवला सेट लावायला सांगितला. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. अर्धा तास झाकणावर बोटं ठेवून सगळं उतरवून घेतलं, चूक फक्त एक. हे दारात उभे राहून विचारत होते की हिला काय झालंय.

मला झालंय ते असं की मला तू हवी आहेस. केतकीने एक खोका लपवून ठेवलाय, हे पत्र वाचून झालं की आणून देईल. राघवने तसे दोन बनवलेत, दुसरा माझ्याकडे. आत एक बटण आणि एक पत्र्याचं झाकण. केतकी तो फोनला जोडेल, मग मी इथे दाबलं की तुझं झाकण थरथरेल, तू दाबलंस की माझं. कानाचं काही काम नाही. रविवारी सकाळी अकरा वाजता. ग्वाल्हेरहून रोज लाइन उघडली की तू आधी विचारायचीस, चहा झाला का, आणि त्या 'का'ची शेवटची रेघ उगाच लांब ओढायचीस. साहेब ओरडले तरी तुझी ती खोड गेली नाही. तेव्हा केतकीला दाबायला देऊ नकोस, मला लगेच कळेल. मी अकराच्या आधीपासून बोटं ठेवून बसणार आहे. आणि चहा मुद्दाम घेतलेला नसेल.

तुझीच, लाइनवर थांबलेली,
भानू