बापासाठी मोफत वकील

आबा, तू गेल्यावर मी वकील झाले. महाडच्या कोर्टात ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस मी चालवते. माझं मानधन सरकार देतं. गेल्या वर्षी पोलादपूरकडचा एक हमाल आला. बायको पाचाडला माहेरी, पाच वर्षांची लेक तिच्यापाशी. सात महिने त्याने लेकीला पाहिलं नव्हतं. दारात चपला काढून तो म्हणाला, "मॅडम, फुकट वकील बायांनाच मिळतो ना?" मी म्हटलं, "उत्पन्न कमी असेल तर पुरुषालाही मिळतो. दाखला आणा, अर्ज मी भरून देते." तो दारातच खाली बसला. "मंग इतके दिस मी उगाच गप बसलो."

मला तू आठवलास. आई मला घेऊन मुंबईला मामाकडे गेल्यावर माझ्या ताब्यासाठी तू केलेल्या अर्जाच्या नकला काढून मी वाचल्यात. प्रत्येक तारखेला तेच: अर्जदार स्वतः हजर, वकील नाही. भाताची लावणी टाकून तू गावाहून, कापड्याहून यायचास आणि साहेबांना एवढंच सांगायचास, "पोर माजी हाय, तिला बघू तरी द्या." मोफत वकिलाची सोय तेव्हाही होती, त्याच इमारतीत. तुला कुणी सांगितलंच नाही.

हमालाला एक शनिवार आड, कोर्टातल्याच एका खोलीत, लेकीला भेटायला दोन तास मिळाले. पहिल्या दिवशी मुलगी आईच्या पदरामागे लपली. त्याने हाक मारली नाही. जमिनीवर बसून शेंगा सोलत राहिला, दाणे रुमालावर ठेवत. बऱ्याच वेळाने ती पुढे आली, दाणे खाल्ले, मग त्याच्या गालाला हात लावला. "दाढी का वाढवलीस रे?" तिची आईच खिडकीकडे बघत त्याला म्हणाली, "पुढच्या येळेला करून या. टोचते तिला."

मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडले, आबा. सोबतच्या वकिलीणबाईंना सांगितलं, माझ्या वडलांना मला भेटू दिलं नव्हतं. सगळ्यांना मी हेच सांगत आलेय.

पण तू मुंबईला मामाच्या चाळीत आलास, तेव्हा मामाने आत येऊन मला विचारलं होतं, "आबा आलेत गो, भेटतेस?" गॅलरीत माझ्या नव्या मैत्रिणी होत्या आणि तू अनवाणी होतास. हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जाणार नाही, म्हणून लिहिते. "नाही" मीच म्हटलं होतं.