चपलेच्या फुलाचं पिल्लू

बुधवार, संध्याकाळ

तीन दिवस हे माझ्याशी बोलत नाहीत, आणि कशापायी, तर एका कुंडीपायी! ते चपलेसारखं फूल येणारं ऑर्किड. फूल गळलं, बाजूला पिल्लू फुटलं, म्हणून मी जुना कोंब कापला. वाडीत घड उतरला की केळ तोडतोच ना आपण? पिल्लाला जोर येतो.

"अगो बाय, ही काय केळ आहे? जुनी पानंच पिल्लाला पोसतात!" एवढं ओरडले, मग तोंड बंद.

मला काय ठाऊक? त्यांना लवकर फूल दिसावं म्हणूनच केलं.

आज पिल्लू बघायला गेले, तर हे आधीच कुंडीवर वाकलेले. पिल्लू ताठ आहे. हे त्याच्याकडे बघून हसले, मला बघून परत गप्प.

आता ही चिठ्ठी कुंडीतच खोचते: शनिवारपर्यंत सांगा, रविवारी चर्चमध्ये मिस्साला मला नेणार, की कुंडीला?