घरबसल्या खुर्ची गरम

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. मला लिहिता येत नाही, पण चिरंजिवांचा जुना फोन माझ्याकडे आलाय. त्यातलं माईकचं चित्र दाबून बोललं की तो लिहून घेतो. सूनबाईनं दाखवलं. वाचताही येत नाही, त्यामुळे ही रोजनिशी माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित.
संकल्प एक: खरं तेच बोलायचं. संकल्प दोन: चिरंजिवांच्या धंद्यात नाक खुपसायचं नाही.

त्याच दिवशी, दुपार.
नाक खुपसायची वेळ आली. चिरंजीव टॅक्सीतून हॉटेलच्या पाहुण्यांची ने-आण करतात. पाहुणे उतरताना फोनवर तारे देतात, पाचापैकी. आता मॅनेजरनं बजावलंय की महिनाअखेर साडेचार तारे दिसले पाहिजेत, नाहीतर काम दुसऱ्याला. सध्या सव्वाचार आहेत. काम गेलं तर परत लांब पल्ल्याचा ट्रक. म्हणजे पंधरा-पंधरा दिवस पोरगं दिसणार नाही, आणि दिसलं की झोपलेलं. अशी सहा वर्षं काढलीत मी. सातवं नको.
म्हणून सुचवलं, बाबा रे, माणसांना विचारत जा, गारठा लागतोय का, पाठ अवघडली का. तर म्हणाला, आई, गाडी नवी आहे, तिच्यात सगळी सोय आहे, तू निवांत बस. निवांत बस म्हणणाऱ्या माणसावर मी कधीच विश्वास ठेवलेला नाही.

४ फेब्रुवारी.
शोध लागला. या फोनमध्ये गाडीचं चित्र आहे, छप्पर काढून वरून बघितल्यासारखं. माणूस बसला की त्याची खुर्ची हिरवी होते, उतरला की राखाडी. खुर्चीवर बोट ठेवलं की तीन चित्रं येतात. लाल लाटा म्हणजे गरम. निळा पंखा म्हणजे गार. पाठीवर हात म्हणजे पाठ चेपणं. अक्षर एकही नाही. बनवणारा शहाणा असणार.
म्हणजे मी इथं ओट्याशेजारी स्टुलावर बसून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाची पाठ चेपू शकते. आमचे हे जन्मभर पाठ चेपून मागायचे, तेव्हा ही सोय कुठं गेली होती कोण जाणे.
चिरंजिवांना सांगणार नाही. करून बोलून दाखवायची सवय नाही मला.

५ फेब्रुवारी. सकाळी आठ.
खिडकी उघडली, गार वारा आला. लगेच मागची हिरवी खुर्ची गरम केली. तीन लाटा. पाच मिनिटांत राखाडी. सुखरूप पोचला.

रात्री जेवताना.
चिरंजीव म्हणाले, एक गृहस्थ निम्म्या वाटेत उतरले, चालत जातो म्हणाले. मी म्हटलं, चांगलं आहे की. अंगात ऊब आली की माणसाला चालावंसं वाटतं.

९ फेब्रुवारी.
दोन खुर्च्या हिरव्या. एकीची पाठ चेपली. दोघांची एकदम चेपायला मला जमत नाही, एकच अंगठा बरा चालतो.
संध्याकाळी कळलं की नवरा-बायको होते. बायको म्हणाली, चारचौघांत हात आवरा. नवरा म्हणाला, माझे दोन्ही हात बॅगेवर आहेत. मग हॉटेल येईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. शांत प्रवास झाला.

११ फेब्रुवारी.
चिरंजीव गाडी घेऊन गॅरेजला गेले. मेकॅनिकनं सगळी तपासली. म्हणाला, गाडीत काही बिघाड नाही, तुमचे पॅसेंजरच नाजूक आहेत. माझंही तेच मत.
तारे चारवर आलेत. लोकांना सुख पचत नाही. संकल्प: दुप्पट लक्ष द्यायचं.

१३ फेब्रुवारी.
गरम आणि गार आलटून पालटून दिलं, म्हणजे ज्याला जे हवं ते मिळेल. शिवाय चिरंजिवांची कंबर दुखते म्हणून त्यांच्या खुर्चीवर पाठ चेपायचं चित्र सहा वेळा दाबलं. आईशिवाय कोण बघणार.
घरी आले ते तिरके चालत.
तारे आणखी खाली. किती ते सांगितलं नाही. जेवले नाहीत नीट. सूनबाईला हळूच म्हणाले, ट्रकवाल्या मालकाला विचारून ठेवतो. मला ऐकू येत नाही असं घरात सगळ्यांना वाटतं, ते बरंच आहे.
आज मला झोप लागणार नाही.

१४ फेब्रुवारी. सकाळ.
छान झोप लागली. आता दया नाही. दिवसभर फोन हातातून सोडायचा नाही.

१५ फेब्रुवारी.
रविवार असूनही गॅरेज. यायला उशीर. आल्यावर चिरंजिवांनी आधी माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. मग विचारलं, आई, फोन कसा चालतोय. म्हटलं, उत्तम. म्हणाले, चित्रंबित्रं बघतेस वाटतं. म्हटलं, या वयात काय बघायचीत चित्रं. सूनबाईला एकदम स्वयंपाकघरात काम आठवलं. तोंडात पदर कोंबल्यासारखा आवाज येत होता. बिचारीला खोकला झालाय.

१७ फेब्रुवारी.
मागची खुर्ची काल सकाळपासून हिरवी. माणूस उतरतच नाही. याला म्हणतात समाधान. दर तासाला ऊब दिली, मध्ये मध्ये पाठ.
तारे परत चार.

२० फेब्रुवारी.
खुर्ची अजून हिरवीच. चार दिवस बसून आहे. श्रीमंत असणार.
तारे सव्वाचार. शेवटी हाताला गुण आला.

२४ फेब्रुवारी.
सव्वाचारच्या वर. अंगठा सुजलाय. सूनबाईनं मलम लावलं, काय झालं विचारलं. म्हटलं, लसूण सोलला. म्हणाली, आई, लसूण तर मी सोलते. या मुलीला नको तिथं लक्ष.

२८ फेब्रुवारी. शनिवार.
साडेचार आणि वर थोडे. मॅनेजरचा फोन आला, काम चिरंजिवांकडेच. ट्रक नाही. मी देवघरापुढे गुडघे दुखेपर्यंत बसले.
नंतर वाटलं, आता सांगावं. सगळ्यांना बसवून सांगितलं, रे बाबांनो, हे सगळं कुणी केलं माहितीये का. आणि फोन पुढे केला.
चिरंजीव हळू आवाजात म्हणाले, आई, तुझ्या फोनचा गाडीशी असलेला संबंध मेकॅनिकनं पंधरा तारखेलाच तोडून टाकला. तू दाबतेस ते नुसतं चित्र आहे, तिथंच थांबलेलं.
म्हटलं, मग तो हिरवा माणूस? म्हणाले, तेव्हा मागे मेकॅनिक बसला होता, त्यानंतर कुणीच नाही.
तेरा दिवस मी कुणाचीच पाठ चेपत नव्हते.
विचारलं, आधी का नाही बोललास. म्हणाले, तू इतकी खुशीत होतीस. सूनबाईनं प्रवाशांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. बहुतेकांनी एकच लिहिलंय: गाडीत कुणी काही केलं नाही, फार बरं वाटलं.

१ मार्च. रविवार.
चिरंजीव म्हणाले, चल, आज तू पॅसेंजर. मी मागे बसले. सूनबाई पुढे, तिच्या हातात नवा फोन. निघाल्या निघाल्या खुर्चीला धग लागली. मग पाठीत गुद्दे. मग एकदम गार. मी खिडकीबाहेरची दुकानं मोजत बसले. दोघांचे खांदे हलत होते.
परत तीन लाटा आल्या तेव्हा म्हटलं, थांबव रे गाडी, मी चालत येते.
विचारलं, काय झालं आई. म्हटलं, काही नाही. अंगात ऊब आली की माणसाला चालावंसं वाटतं.