पहिल्या लेव्हलचा दरवाजा

वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, संध्याकाळ. तरसाली, बडोदा.

सगळं बडोदं अजून गच्चीवर पतंग उडवतंय आणि मी खोलीत, मी बनवत असलेला गेम घेऊन. जिग्नेशला तपासायला पाठवलेली फाइल आज पहिल्यांदाच स्वतः खेळलो, तर पहिल्या लेव्हलचा दरवाजा उघडेना. किल्ली ठेवायलाच विसरलोय मी! म्हणजे पुढे कुणी जाऊच शकत नाही. मग हा कॉलेजपासूनचा दोस्त पाचव्या लेव्हलला 'एकदम सरस' म्हणाला कसा? त्याच्या त्या 'सरस'वर मी झोप सोडली, पतंग सोडले, डोळे लाल होईपर्यंत आणखी लेव्हल करत बसलो. भंगार म्हणाला असता तरी चाललं असतं. निदान एकदा उघडून तरी बघायचं.

आत्ता त्याला मेसेज केला, "दरवाजा नीट उघडतो ना?"

लगेच उत्तर आलं, "एकदम सरस, भाई!"